नव्या स्टिकने खेळ सुधारतो की नुसता धीर येतो?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

शालेय आणि नेहरू हॉकी स्पर्धांचे दिवस जवळ आले की सीताबर्डी-धरमपेठेतील क्रीडासाहित्याच्या दुकानांत पालकांची वर्दळ वाढते आणि त्यांची चौकशीही ठरलेली असते: स्टिकमध्ये कार्बन किती टक्के, दांड्याचा बाक खाली असलेली ‘लो बो’ आहे की मधोमध असलेली ‘मिड बो’, भारतीय संघातला अमुक खेळाडू वापरतो तीच कंपनी आहे का. बारा-तेरा वर्षांच्या मुलासाठी पंधरा-वीस हजारांची स्टिक घेणारे पालक मी पाहिले आहेत आणि त्याच मुलाच्या नडग्यांवर शिनगार्ड नसल्याचेही पाहिले आहे. महाविद्यालयीन काळात हॉकी खेळलेला आणि आजही सकाळच्या सरावाला मुलांसोबत मैदानावर उभा राहणारा एक नागपूरकर म्हणून या खर्चाचा हिशेब जरा सविस्तर मांडावासा वाटतो. साहित्यातल्या बदलाने खेळ खरोखर सुधारतो, की खेळाडूच्या मनाला उभारी येते आणि तिलाच आपण सुधारणा समजतो, हा प्रश्न जिथे जिथे हॉकी खेळली जाते तिथे विचारला जातो. पण ज्या शहरात शाळकरी हॉकीचा मोठा भाग मुरमाच्या मैदानांवर खेळला जातो, तिथे त्याचे उत्तर वेगळे निघते, असे माझे मत आहे.

साहित्याने काहीच फरक पडत नाही, असे म्हणणारा मी नाही. हॉकीचा इतिहास तसे म्हणू देत नाही. इंग्रजांनी आणलेल्या जुन्या स्टिकचे डोके लांबट असे. आपल्याकडे तुतीच्या लाकडाला वाकवून ते आखूड आणि घट्ट वळणाचे केले गेले, आणि त्यामुळे स्टिक चटकन उलटी करून चेंडू डावीकडून उजवीकडे आणि पुन्हा डावीकडे खेळवत नेणे सोपे झाले. भारतीय उपखंडाच्या ज्या ड्रिबलिंगची जगाने वाखाणणी केली, त्यात मनगटांइतकाच त्या आखूड डोक्याचाही वाटा होता. सियालकोटचे कारागीर फाळणीनंतर जालंधरला आले, मेरठलाही हा धंदा वाढला आणि अनेक दशके जगभर आपल्याच काठ्या गेल्या. पुढे नव्वदच्या दशकात काचतंतू, कार्बन आणि अरामिड (एक चिवट कृत्रिम तंतू) राळेत बसवून केलेल्या कॉम्पोझिट स्टिकना नियमांनी वाट मोकळी केली आणि फटक्याचा वेग वाढला. सर्वांत मोठा बदल मात्र हातातल्या साहित्यात झालाच नाही, तो पायाखाली झाला. १९७५ साली क्वालालंपूरला गवतावर विश्वचषक जिंकणारा भारत १९७६ साली माँट्रियल ऑलिम्पिकमध्ये, जिथे हॉकी प्रथमच कृत्रिम टर्फवर खेळली गेली, सातव्या क्रमांकावर घसरला. त्या घसरणीचे खापर केवळ टर्फवर फोडणे चुकीचे ठरेल. तरीही वर्षभरात आपल्या खेळाडूंचा आत्मविश्वास आटला आणि बाकी सारे जागच्या जागी होते, असे कोणी म्हणणार नाही.

मग कोणता बदल खरा आणि कोणता मनाचा, हे ओळखायचे कसे? मला यात नियमपुस्तिका सर्वांत प्रामाणिक साक्षीदार वाटते. आंतरराष्ट्रीय हॉकी महासंघाने स्टिकची लांबी १०५ सेंटिमीटरपर्यंत आणि वजन ७३७ ग्रॅमपर्यंत मर्यादित केले आहे. स्टिक ५१ मिलिमीटर आतील व्यासाच्या कड्यातून पार झाली पाहिजे. धातूला पूर्ण मज्जाव आहे. आणि दांड्याचा बाक २५ मिलिमीटरपेक्षा अधिक नसावा, तसेच त्या बाकाचा सर्वांत खोल बिंदू डोक्याच्या तळापासून २०० मिलिमीटरच्या आत येऊ नये, असे बंधन आहे. बाकावर २५ मिलिमीटरची मर्यादा २००६ साली आली, कारण त्याआधीच्या अतिवाकड्या स्टिकांनी ड्रॅग फ्लिकचा, म्हणजे चेंडू ओढत नेऊन भिरकावण्याच्या फटक्याचा, वेग धोक्याच्या पातळीला नेला होता. याउलट ग्रिपचा रंग, दांड्यावरील चित्रे, कंपनीचे नाव किंवा स्टिकवर छापलेली एखाद्या खेळाडूची सही यांवर कोणतीही मर्यादा नाही. नियम करणाऱ्यांनी ज्या गोष्टीला लगाम घालण्याची तसदी घेतली, त्या गोष्टीत खेळ बदलण्याची ताकद होती, एवढे यावरून नक्की म्हणता येते.

म्हणजे बाक ही खरी गोष्ट आहे. ड्रॅग फ्लिक मारताना खेळाडू चेंडूला मारत नाही, तर दांड्याच्या खालच्या भागावर टेकवून ओढत नेतो आणि शेवटी भिरकावतो. बाक जितका खाली, तितका चेंडू त्या खोबणीत अधिक काळ टिकतो आणि तितका वेळ त्याला वेग देता येतो. शिवाय पेनल्टी कॉर्नरवर, म्हणजे बचाव संघाच्या चुकीबद्दल गोलजवळ मिळणाऱ्या संधीत, पहिला सरळ हिट गोलच्या मागच्या ४६० मिलिमीटर उंच फळीपेक्षा उंच गेला तर गोल धरला जात नाही, फ्लिकला मात्र ते बंधन नाही. त्यामुळे फ्लिक येणाऱ्या खेळाडूची किंमत आजच्या हॉकीत फार आहे. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली हरमनप्रीत सिंगने दहा गोल केले आणि भारताला कांस्यपदक मिळवून देण्यात मोठा वाटा उचलला. पण त्याच स्पर्धेत इतर संघांच्या फ्लिकरांच्या हातांतही त्याच २५ मिलिमीटरच्या मर्यादेतल्या, तशाच स्टिका होत्या, ही गोष्ट दुकानदार सांगत नाहीत.

आता हीच ‘लो बो’ स्टिक घेऊन आपला सातवीतला मुलगा मुरमाच्या मैदानावर उतरतो तेव्हा काय होते, ते पाहावे. फ्लिकसाठी चेंडू ओढत नेण्याला सपाट, गुळगुळीत पृष्ठभाग लागतो. मुरमावर तो दोन हात जाण्याआधीच खड्यावर उडतो आणि दांड्यावरून निसटतो. सरळ हिट मारताना खालचा बाक उलटा त्रास देतो, कारण तंत्र पक्के नसेल तर चेंडू जमिनीलगत न जाता उचलला जातो, आणि शाळेच्या सामन्यात असा उचललेला चेंडू समोरच्या मुलाच्या तोंडाच्या उंचीवरून जातो. कार्बनचे प्रमाण अधिक असलेली स्टिक ताठ असते. चेंडू बरोबर डोक्याच्या मध्यावर बसला तर ती जोरदार जाते, पण चेंडू अडवताना तो तिच्यावरून टणकन उसळतो. ज्याचे ट्रॅपिंग (चेंडू अडवणे) अजून कच्चे आहे, त्याला कमी कार्बनची, थोडी मऊ स्टिकच सोयीची, हे कोणताही जाणता प्रशिक्षक सांगेल. त्यातच मुरमावर स्टिकच्या तळाची धार झिजते आणि महागडी स्टिक एका हंगामात खरवडून निघते. नागपूरच्या मे महिन्यात पारा पंचेचाळिशीवर जातो तेव्हा बंद गाडीच्या डिकीत विसरलेल्या कॉम्पोझिट स्टिकचे, म्हणजे मुळात राळेत बसवलेल्या तंतूंचे, काय होत असेल याचाही विचार करावा. एकूण, टर्फसाठी घडवलेला गुण मुरमावर फुकट जातो आणि त्याचे दोष मात्र पुरेपूर हाती लागतात.

तरीही तो मुलगा म्हणतो, ‘नवी स्टिक आल्यापासून माझा खेळ सुधारला.’ तो खोटे बोलत नसतो. त्याच्या या अनुभवामागे तीन-चार कारणे एकमेकांत गुंतलेली असतात आणि ती सोडवून पाहिल्याशिवाय स्टिकला श्रेय देता येत नाही. पहिले कारण असे की खेळाडू स्टिक बदलतो ती बहुधा खेळ उतरणीला लागलेला असताना. दोन-तीन सामने वाईट गेले, सोपा गोल हुकला, की वाटते स्टिकच बरोबर नाही. पण वाईट दिवसांनंतर काही दिवस सरासरीचे येणारच असतात. ते नवी स्टिक नसती तरी आले असते. दुसरे कारण, नवी वस्तू हातात आली की मुलगा अर्धा तास आधी मैदानावर येतो, संध्याकाळी गच्चीवर चेंडू खेळवत बसतो आणि झोपतानाही स्टिक उशाशी ठेवतो. सुधारणा त्या जास्तीच्या सरावाची असते, पण नाव स्टिकचे होते. तिसरे, नव्या स्टिकने मारलेला चांगला फटका लक्षात राहतो आणि वाईट फटक्याला ‘अजून हात बसायचा आहे’ अशी सवलत मिळते. जुन्या स्टिकला ती सवलत कोणी देत नाही.

जाणवणे आणि प्रत्यक्ष असणे यांत अंतर किती असते, याचे छोटे उदाहरण ग्रिपचे आहे. मुठीवर आणखी एक ग्रिप चढवली की खेळाडू म्हणतात, ‘आता हेड हलके वाटते.’ स्टिकचे वजन वाढलेले असते आणि तोलाचा बिंदू थोडा हातांकडे सरकलेला असतो हे खरे. परंतु वाढलेले वजन हातांच्या जागीच असल्यामुळे स्टिक फिरवण्यासाठी लागणाऱ्या जोरात जवळजवळ काहीच फरक पडत नाही. तेच काही ग्रॅम डोक्याच्या टोकाशी लावले असते तर फरक लगेच कळला असता, कारण फिरवताना वस्तुमान किती आहे याइतकेच ते मुठीपासून किती दूर आहे यालाही महत्त्व असते. मात्र ग्रिपचाच दुसरा उपयोग अगदी खरा आहे: घामाने ओला झालेला हात घसरत नाही. आपल्याकडे उन्हाळी शिबिरात दीड तासाने मुलांचे तळवे पाहा. शे-दोनशे रुपयांची कोरडी, नवी ग्रिप त्या क्षणी वीस हजारांच्या कार्बनपेक्षा जास्त कामाची ठरते आणि तीच बदलायला आम्ही कंजुषी करतो.

विश्वासाच्या बळावर कामगिरी सुधारते का, याचे प्रयोगही झाले आहेत, पण हॉकीपेक्षा गोल्फवर अधिक. २०१० साली जर्मनीतील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही जणांना ‘हा चेंडू आजवर नशीबवान ठरला आहे’ असे सांगून पटिंग, म्हणजे चेंडू हलकेच ढकलून भोकात घालणे, करायला दिले आणि त्यांनी इतरांपेक्षा अधिक चेंडू भोकात घातले. २०११ साली अमेरिकेतील व्हर्जिनिया विद्यापीठाच्या प्रयोगात हातातला पटर (पटिंगची काठी) एका नामांकित व्यावसायिक खेळाडूचा आहे असे ज्यांना सांगितले गेले, त्यांचे पटिंग सरस झालेच, शिवाय त्यांना भोकही प्रत्यक्षापेक्षा मोठे वाटले. ही दोन उदाहरणे आत्मविश्वासाच्या बाजूने नेहमी सांगितली जातात. परंतु नशीबवान चेंडूचा प्रयोग २०१४ साली अमेरिकेत अधिक लोकांना घेऊन पुन्हा केला गेला तेव्हा तो परिणाम आढळला नाही, हे सांगायचे बहुधा राहून जाते. म्हणजे ‘खेळ नाही तर निदान आत्मविश्वास तरी वाढतो, आणि आत्मविश्वासाने खेळ वाढतोच’ ही जी पळवाट आपण खर्चाच्या समर्थनासाठी वापरतो, तीही वाटते तितकी भक्कम नाही.

माझ्या अनुभवाप्रमाणे आत्मविश्वासाचा उपयोग खेळाच्या सर्व भागांत सारखा नसतो. पेनल्टी स्ट्रोकला सुमारे साडेसहा मीटरवरून, थांबलेल्या चेंडूसमोर, गोलरक्षकाशी एकट्याने उभे राहावे लागते. बरोबरीनंतरच्या शूटआउटमध्ये २३ मीटरच्या रेषेपासून सुरुवात करून आठ सेकंदांत काम संपवायचे असते. अशा ठिकाणी हातातल्या वस्तूवरचा भरवसा मनातली चलबिचल थांबवतो आणि ती गोष्ट छोटी नाही. चालू खेळात मात्र चेंडू कुठून येतो, कोण मोकळा आहे, आपण कुठे उभे असायला हवे, हे सारे क्षणाक्षणाला बदलत असते आणि तिथे नजर आणि दम संपलेल्या खेळाडूला कोणतीही स्टिक वाचवत नाही. एका जागी तर हा भेद पूर्णपणे मिटतो, ती जागा म्हणजे संरक्षक साहित्य. पेनल्टी कॉर्नरवर फ्लिकरच्या अंगावर धावून जाणारा बचावपटू तोंडाला मुखवटा बांधतो. त्याचे धाडस त्या मुखवट्यातून येते आणि ते पोकळ नसते, कारण चेंडू खरोखर लागला तर मुखवटा तोंड वाचवतो. गोलरक्षकाच्या पॅड्सचेही तेच आहे. वेताच्या काड्या घातलेल्या कॅनव्हासच्या जड पॅड्सच्या जागी फोमचे हलके पॅड्स आले तेव्हा गोलरक्षकाची हालचाल वाढली, चेंडू पॅडवरून दूर फेकला जाऊ लागला आणि अंगावर येणाऱ्या चेंडूची धास्तीही कमी झाली. हे धाडस कुणाला जाहिरातीतून विकत मिळालेले नाही. अर्थात मुखवट्याच्या आधारावर दुसऱ्याला इजा होईल असे वागू नये, हेही नियमांत स्पष्ट लिहिलेले आहे.

म्हणूनच पालकांच्या खर्चाचा क्रम मला उलटा वाटतो. आधी शिनगार्ड आणि माउथगार्ड, मग पायाला आणि मैदानाला जुळणारे बूट, मग मुलाच्या उंचीला योग्य लांबीची आणि त्याच्या मनगटाला पेलेल अशा वजनाची स्टिक, वेळोवेळी नवी ग्रिप, आणि त्यानंतर पैसे उरलेच तर कार्बनची टक्केवारी. लांबी आणि वजन या दोन गोष्टींत चूक झाली तर मुलगा चुकीच्या पद्धतीने वाकतो, हात चुकीच्या जागी धरतो आणि ती सवय पुढे अनेक वर्षे सुटत नाही. ‘वाढत्या वयाचा आहे, दोन वर्षे पुरेल’ म्हणून दोन इंच लांब स्टिक घेणे हा आपल्याकडचा जुना हिशेब शाळेच्या गणवेशापुरता ठीक, पण स्टिकच्या बाबतीत तो महागात पडतो.

कोणाला माझे म्हणणे पटत नसेल तर त्याने चाचणी करून पाहावी. त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. जवळपास सारख्या लांबीच्या आणि वजनाच्या दोन स्टिका, एक महाग आणि एक साधी, घ्याव्यात. दोन्हींचे दांडे वरपासून खालपर्यंत एकाच रंगाच्या टेपने गुंडाळावेत आणि दोन्हींवर नवी, एकसारखी ग्रिप चढवावी. सकाळच्या थंड वेळी, एकाच मैदानावर, आलटूनपालटून पुश, हिट आणि ट्रॅपिंग करून घ्यावे, नोंद दुसऱ्याने ठेवावी आणि कोणती स्टिक कोणती आहे हे नोंद ठेवणाऱ्यालाही ठाऊक नसावे. हे एका दिवसात आटोपू नये, कारण वीस फटक्यांत एकीने बारा आणि दुसरीने चौदा लक्ष्यावर गेले तर त्या दोनांच्या फरकाला काहीही अर्थ नसतो. निरनिराळ्या दिवशी आणि निरनिराळ्या मुलांकडून पुष्कळ फटके मारून घेतल्यावरच काही बोलता येईल. बाक फार वेगळा असेल तर सरावलेल्या मुलाला तो हाताला कळेल, ही या चाचणीची मर्यादा मान्य आहे. पण निव्वळ नावाचा आणि किमतीचा प्रभाव तरी तिच्यातून बाजूला काढता येईल.

हे काम शाळांच्या क्रीडाशिक्षकांनी मनावर घेतले तर सहज होण्यासारखे आहे. मेजर ध्यानचंद यांच्या जन्मदिनी, २९ ऑगस्टला, राष्ट्रीय क्रीडा दिन साजरा होतो आणि त्या दिवशी शाळाशाळांतून भाषणे आणि सत्कार होतात. त्यासोबत अशी एखादी चाचणी मुलांसमोर घेतली तर मुलांना हॉकीबरोबर थोडे विज्ञानही शिकता येईल. दुसरी विनंती निवड चाचण्या घेणाऱ्यांना आहे. काही ठिकाणी निवडकर्त्यांची नजर मुलाच्या पायांच्या हालचालीआधी त्याच्या स्टिकवर जाते, आणि ही गोष्ट मुलांच्या आणि पालकांच्या लक्षात येते. महाग स्टिकचा हट्ट बव्हंशी तिथूनच जन्मतो. चाचणीच्या दिवशी संघटनेने किंवा शाळेने स्वतःच्या संचातल्या, निरनिराळ्या लांबीच्या साध्या स्टिका सर्वांना वापरायला द्याव्यात, असे मला सुचवावेसे वाटते. विदर्भ हॉकी असोसिएशनच्या (व्हीएचए) मैदानावर किंवा जिल्ह्यात इतरत्र होणाऱ्या शालेय चाचण्यांत एका हंगामापुरता हा प्रयोग झाला, तर रेल्वे कॉलनीतल्या किंवा कामठीच्या वस्तीतल्या ज्या मुलाकडे आज उसनी स्टिक आहे, त्याची आणि वीस हजारांच्या स्टिकवाल्याची तुलना प्रथमच सारख्या पायावर होईल. आपल्या क्रीडा पानाने या सूचनेवर जिल्ह्यातील प्रशिक्षकांची मते मागवावीत, ही विनंती.

आपला नम्र,
एक माजी हॉकीपटू, नागपूर